कुत्र्याच्या मांसाच्या व्यापाराविरुद्ध मोहीम काढायची, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या काही कॉलेजच्या मुलामुलींनी नागालँडच्या बाजारातला एक व्हिडिओ पाहिला. पोत्यांत कोंबलेली कुत्री, फक्त डोकी बाहेर, तोंडं सुतळीने आवळलेली. त्यांना आता ऑनलाइन याचिका काढायची आहे, फर्ग्युसन रस्त्यावर पथनाट्य करायचं आहे आणि वर्गणी जमवून ‘तिथे जाऊन काहीतरी’ करायचं आहे. यातलं काय उपयोगी पडतं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पशुवैद्य आहे. पोलिसांनी पकडलेल्या गाड्यांमधून उतरवलेल्या जनावरांवर उपचार करणं आणि त्यांच्या केसेस कोर्टात टिकतील असे कागद तयार करून देणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देते.

याचिकेपासून सुरू करू, कारण तो प्रयोग एकदा होऊन गेला आहे. २०२० मध्ये दिमापूरच्या बाजारातले असेच फोटो देशभर फिरले. राज्य सरकारवर ईमेलचा भडिमार झाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नागालँड सरकारने कुत्र्यांची व्यापारी आयात, कुत्र्यांचे बाजार आणि कच्च्या किंवा शिजवलेल्या मांसाची विक्री, सगळ्यावर बंदी घातली. प्राणिप्रेमींच्या ग्रुपांवर दिवाळी. नोव्हेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने आदेशाला स्थगिती दिली आणि २ जून २०२३ रोजी तो रद्दच केला. कोर्टात गेले होते ते कोहिमा नगरपरिषदेचा परवाना घेऊन धंदा करणारे व्यापारी.

तो निकाल मुळातून वाचा. बंदी का पडली हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आदेश काढला होता मुख्य सचिवांनी. अन्नसुरक्षा कायदा २००६ प्रमाणे एखाद्या अन्नपदार्थावर बंदी घालण्याचा अधिकार अन्नसुरक्षा आयुक्तांचा, आणि तोही कलम ३० खाली एका वेळी जास्तीत जास्त वर्षभरासाठी. आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ पासून दरवर्षी नव्याने जाहीर होते ती याच कलमामुळे. म्हणजे सही योग्य माणसाची असती तरी बंदी वर्षापुरतीच होती. अन्नसुरक्षा नियमांतल्या खाण्यायोग्य प्राण्यांच्या २०११ च्या यादीत कुत्रा नाही, या मुद्द्यावर सरकारची सारी भिस्त होती. त्यावर कोर्ट म्हणालं की कुत्र्याचं मांस ईशान्येच्या काही भागांतच खाल्लं जातं, बाकी देशाला ही कल्पनाच परकी आहे, तेव्हा ते यादीत नसावं यात नवल नाही. नागा समाजात हे मांस आजही स्वीकारलेलं अन्न आहे आणि त्यावर काहींचं पोट आहे, हेही कोर्टाने नोंदवलं. क्रूरतेचे पुरावे समोर होते. त्यांवरचा उपाय म्हणून कोर्टाने बोट दाखवलं ते असलेल्या कायद्यांच्या अंमलबजावणीकडे.

आमच्या क्षेत्रात बरेच जण या निकालावर अजून चिडून आहेत. मला तो कामाचा वाटतो. कुठे काम करायचं ते त्याने सांगितलं आहे.

बंदीच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, शेजारच्या मिझोरमने काय केलं ते याच्या बाजूला ठेवून पाहा. तिथल्या विधानसभेने स्वतःच्याच २०१३ च्या पशुकत्तल कायद्यात दुरुस्ती केली आणि कत्तलीस योग्य प्राण्यांच्या व्याख्येतून कुत्रा वगळला. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने, आपल्याच राज्याच्या कायद्यात. नागालँडमध्ये तर हा मुद्दा आणखी नाजूक आहे. घटनेच्या कलम ३७१-अ प्रमाणे नागांच्या धार्मिक-सामाजिक प्रथांवर आणि रूढीगत कायद्यावर परिणाम करणारा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे ‘पंतप्रधान महोदय, बंदी घाला’ अशी याचिका पुण्यातून कितीही लाख सह्यांनी गेली तरी ती चुकीच्या टेबलावर जाते. बंदी आणायची असेल तर ती कोहिमातल्या माणसाने कोहिमातल्या आमदाराकडे मागायला हवी. तुम्ही त्या माणसाला वकील, डॉक्टर, पैसा पुरवू शकता. त्याच्या जागी उभे राहू शकत नाही.

मग तुमच्या हातात काय उरतं? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट उरते. वाहतूक.

भारतात मांसासाठी कुत्री पाळण्याचा धंदा नाही. बाजारात येणारं कुत्रं कुठल्या तरी गल्लीतून उचललेलं किंवा कोणाच्या तरी दारातून चोरलेलं असतं. नागालँडमध्ये वर्षाला साधारण ३०,००० कुत्री बाहेरून आणली जातात असा प्राणिसंस्थांचा अंदाज आहे. त्यांतली बरीचशी आसाममधून येतात. ती पकडली जातात एका राज्यात, मारली जातात दुसऱ्या राज्यात आणि मधल्या रस्त्यावर त्या मालाचा एकही कागद नसतो. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा भाग आहे. प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा आणि रेबीजसकट कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं नसल्याचा पशुवैद्याचा दाखला प्रत्येक खेपेबरोबर हवा. पोत्यातल्या कुत्र्याला असा दाखला कोणी देत नाही, देऊ शकतच नाही. इथे संस्कृतीचा प्रश्न येत नाही, ३७१-अ येत नाही, कोण काय खातं हा विषयच निघत नाही.

आता कलमांबद्दल, कारण नव्वद टक्के केसेस इथे मरतात. उत्साही कार्यकर्ता ठाण्यात जातो आणि ‘प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११’ एवढंच लिहून देतो. कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० पासून तेवढाच. शिवाय क्रूर वाहतुकीचं पोटकलम अदखलपात्र आहे, म्हणजे ठाणे अंमलदार वॉरंटशिवाय अटक करू शकत नाही, आणि तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर सगळं मुदतबाह्य. म्हणून तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आलंच पाहिजे. प्राण्याला मारणं, अपंग करणं, निकामी करणं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि दखलपात्र. ते लागू व्हायला दुखापत दिसायला हवी. इथे पशुवैद्याचा दाखला लागतो: मेलेली किती, पाय मोडलेली किती, दोरी मांसात रुतलेली किती. एखाद्याच्या गळ्यात पट्टा असेल तर चोरीचंही कलम लावा आणि मालक शोधा. मालक सापडला तर केसचा रंगच बदलतो, कारण मग फिर्यादी ‘बाहेरची एनजीओ’ राहत नाही, गावातला माणूस होतो.

गाडी पकडली की पुढे काय होतं ते बहुतेकांना माहीत नसतं. रात्रीची वेळ, टॉर्चचा उजेड, पोती एकावर एक. अशा वेळी हौशी माणूस आधी पोतं फाडतो. तसं करायचं नसतं. अंग पोत्यात आहे तोवर कुत्रं झेप घेऊ शकत नाही. आधी गळ्यात दोरी घालायची, मग तोंडाची सुतळी कापायची आणि पोतं शेवटी. सुतळी केसांत इतकी बुजलेली असते की ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. बोथट टोकाची कात्री जबड्याच्या मागच्या बाजूने आत सरकवायची. तोंड मोकळं करण्याची घाई असते ती वेगळ्याच कारणाने. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. तोंड बांधलं की तो मार्ग बंद. गाडीत मेलेली कुत्री बरेचदा मारहाणीने नाही, उष्म्याने गेलेली असतात. पंचनाम्यात हे लिहून घ्या, फोटोत सुतळीचा वळ येऊ द्या. पाणी थोडं थोडं द्या. बिस्किटांचे पुडे फोडून जमिनीवर पसरू नका, तिथेच मारामारी जुंपते.

आणि मग सकाळी कळतं की ही सगळी कुत्री आता कायद्याच्या भाषेत मुद्देमाल आहेत. केसचा निकाल लागेपर्यंत ती कोणीतरी सांभाळायची. यासाठी २०१७ चे नियम आहेत. दंडाधिकारी जनावरं संस्थेच्या ताब्यात देतात आणि खर्च आरोपीकडून वसूल करता येतो. माल पाठवणारा, घेणारा, गाडीमालक, सगळे मिळून जबाबदार. शिवाय त्या खर्चाचं तारण म्हणून गाडी अडकवून ठेवता येते. माझ्या पाहण्यात या धंद्याला सगळ्यात जास्त झोंबतं ते हे. पन्नास रुपये दंडाचं कोणाला काही वाटत नाही, पण महिनोन् महिने पिकअप ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी राहिली की पुढच्या खेपेला गाडी देणारा दहादा विचार करतो. सुपूर्दनाम्याचा, म्हणजे जनावरं ताब्यात मिळण्याचा, अर्ज त्याच दिवशी तयार ठेवा, त्यात हा नियम नमूद करा.

सांभाळण्याची जागा नसेल तर गाडी पकडायला जाऊच नका. कठोर वाटेल, पण पोत्यातून वाचवलेली कुत्री एका शेडमध्ये कोंबली की आठवड्या-दहा दिवसांत पार्व्हो नाही तर डिस्टेंपर, या कुत्र्यांच्या साथींपैकी एखादी उठते. रक्ताची हगवण, नाकातून पू, झटके. वेगळी ठेवायची सोय, लस, सलाइन आणि रात्रपाळीचा माणूस नसेल तर आपण त्यांचं मरण फक्त लांबवतो.

आता कोरियाकडे जाऊ, कारण मोहीम पूर्णत्वाला गेल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियाच्या संसदेने खाण्यासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं बंद करणारा कायदा २०८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. कत्तलीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड. शिक्षेची अंमलबजावणी फेब्रुवारी २०२७ पासून. खाणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ताटातल्या वाटीवर कायद्याने हात टाकला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच विरोधात एकही मत पडलं नाही.

तिथवर पोचायला तीन-साडेतीन दशकं गेली, आणि त्यातला परदेशी आरडाओरडा फारसा कामी आला नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी सरकारने कुत्र्याच्या मांसाच्या खानावळी मुख्य रस्त्यांवरून हटवल्या, त्या मागच्या गल्ल्यांत गेल्या. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोने कोरियनांवर तोंडसुख घेतलं. त्यावर कोरियात उमटली ती संतापाची लाट, आणि कुत्र्याचं मांस हा राष्ट्राभिमानाचा विषय होऊन बसला. काम केलं ते कोरियन संस्थांनी, आणि शहराशहरांत तुकड्या-तुकड्यांनी. सोंगनामच्या मोरान बाजारातली कत्तल थांबवली, २०१९ मध्ये बुसानचा गुपो बाजार बंद केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजेचा धक्का देऊन कुत्रं मारणं ही क्रूरताच ठरवली. कायद्यातली फट जुनी होती: पशुपालनाच्या कायद्यात कुत्रा पशुधन, पण १९७८ पासून मांसाच्या स्वच्छतेच्या कायद्यात तो नाही. म्हणजे पाळायला मोकळीक, कत्तलखान्याच्या तपासणीला मात्र कोणी नाही. मोहिमेने नेमकं तिथे बोट घातलं. दरम्यान घराघरांत पाळीव कुत्री आली. गॅलप कोरियाच्या पाहणीत वर्षभरात कुत्र्याचं मांस खाल्लेले लोक २०१५ मध्ये २७ टक्के होते, २०२२ मध्ये ८ टक्के उरले.

आणि पैसा. ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल (आता तिचं नाव ह्यूमेन वर्ल्ड फॉर ॲनिमल्स) २०१५ पासून एकेका फार्मच्या मालकाशी करार करत गेली. कुत्री बाहेर न्यायची, पिंजरे पाडायचे, त्याने ब्लूबेरी किंवा मिरची लावायची. पुढे सरकारने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली. फार्म बंद करणाऱ्याला कुत्र्यामागे सव्वादोन लाख ते सहा लाख वॉन भरपाई, आणि जो लवकर बंद करेल त्याला जास्त. ही उतरती भाजणी मला फार हुशारीची वाटते. ‘अजून थांबून पाहू’ म्हणणाऱ्याचंच त्यात नुकसान होतं. तरी एक भोक आहेच. कायदा झाला तेव्हा फार्मांवर जवळपास पाच लाख कुत्री होती, त्यांतली बरीच अंगाने थोराड. सोलच्या फ्लॅटमध्ये ती कोण घेणार? कायद्याच्या बाजूने असलेले लोकही हा प्रश्न विचारतात आणि त्यांना समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

मांजरांचं गणित वेगळं, ते थोडक्यात सांगते. मांजर कोंडून वाढवणं परवडत नाही, त्यामुळे व्हिएतनाममधला मांजराच्या मांसाचा धंदा बहुतांशी चोरीच्या मांजरांवर चालतो. तिथल्या कार्यकर्त्यांनी ‘मांजर खाऊ नका’ पेक्षा ‘तुमचं मांजर कुठे गेलं?’ हा प्रश्न घेतला. होइ अन शहराने २०२१ मध्ये एका संस्थेशी करार करून कुत्र्या-मांजरांचं मांस टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. पर्यटनावर जगणारं गाव ते, बाजाराचा हिशेब त्यांना लगेच समजला. इंडोनेशियात सुलावेसीतल्या तोमोहोनच्या बाजारात २०२३ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या मांसाच्या व्यापाऱ्यांनीच सह्या करून विक्री थांबवली.

तुम्हाला एक प्रश्न हमखास येणार: ‘तुम्हाला रविवारी बोकड चालतो, मग आम्हाला कुत्रा का नाही?’ या वादात मी उतरत नाही, तुम्हीही उतरू नका. बोकडाला कमी दुखतं असं मी पशुवैद्य म्हणून कधीच म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की बोकड कोणाचा ते माहीत असतं, तो विकत घेतलेला असतो, कत्तलखान्यात डॉक्टर असतो किंवा असायला हवा. या कुत्र्यांचा मालक कोण, लस झाली का, रेबीज आहे का, कोणालाच ठाऊक नसतं. आणि रेबीजबद्दल बोलताना जपून. ‘मांस खाल्लं की रेबीज होतो’ अशी भीती घालू नका. शिजवलेल्या मांसाचा धोका हा मुद्दा नाही. धोका कुत्रं पकडणाऱ्याला, बांधणाऱ्याला, कापणाऱ्याला असतो. लाळ आणि मेंदूशी हात लागतो तो त्याचा. व्हिएतनाममध्ये अशी प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहेत. हा मुद्दा व्यापाऱ्याच्या बायकोला पटतो, कारण तो तिच्या घरातल्या माणसाबद्दल असतो.

पथनाट्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. पुण्यात ईशान्येकडची हजारो मुलं शिकतात, पार्लरमध्ये, हॉटेलांत काम करतात. ‘कुत्रे खाणारे’ हा टोमणा त्यांना घर भाड्याने शोधताना ऐकावा लागतो. तुमचं नाटक कितीही सद्भावनेचं असलं तरी बघणारा घरी जाताना तोच टोमणा घेऊन जाईल. मार्च २०२३ मध्ये आपल्याच विधानसभेत बच्चू कडूंनी भटकी कुत्री आसामला पाठवा, तिथे त्यांना किंमत मिळते, असं म्हटलं. आसामच्या विधानसभेत त्यावरून गदारोळ झाला, पुढे त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना अशा एका वाक्याची भरपाई करायला किती चहा प्यावे लागतात, ते त्यांनाच विचारा.

अफवांचंही तसंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवर राजस्थानहून आलेलं दोन टनांहून जास्त मांस ‘कुत्र्याचं’ म्हणून पकडलं. लांब शेपटी पाहून संशय आला होता. पशुवैद्यकीय महाविद्यालयाने तपासलं तर बोकड. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या स्टेशनवर तेच नाटक, निष्कर्षही तोच: शेळी-मेंढी. मधल्या काळात बिर्याणीवाल्यांचा धंदा बसतो आणि बहुतेक वेळा तो कुठल्या समाजाचा असतो हे मी सांगायला नको. तुमच्याकडे असा मेसेज आला तर पुढे ढकलण्याआधी पाहा: पायाला खूर आहे की पंजा? डोकं असेल तर वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत का? शेळी-मेंढीला ते नसतात. डोकं-पाय नसतील तर डोळ्यांनी ठरवूच नका, नमुना डीएनए तपासणीला जाऊ द्या. हैदराबादची राष्ट्रीय मांस संशोधन संस्था ती करते.

राहिली वर्गणी. ती जमवा, आणि तिकिटांवर घालवू नका. आसाममध्ये गाड्या अडवणाऱ्या, स्वतःचं शेड असलेल्या एखाद्या स्थानिक संस्थेशी बोला आणि विचारा की महिन्याला कशाला पैसे कमी पडतात. उत्तर बहुधा फार नीरस येईल: डिस्टेंपर-पार्व्होची लस, चारा-पाण्याला एक माणूस, तारखांना जाणाऱ्या वकिलाची फी. तेच द्या, आणि एकरकमी देण्यापेक्षा वर्षभर दरमहा द्या, कारण केस वर्षभर चालते. तुमच्यात कोणी विधीचं शिकत असेल तर २०१७ च्या नियमांखालच्या अर्जाचा एक नमुना आसामिया आणि इंग्रजीत करून घ्या, ठाण्यात रात्री दोन वाजता तो फार उपयोगी पडतो. आणि कोणाला प्रत्यक्ष जाऊन हात लावूनच काम करायचं असेल, तर आधी इथे पुण्यात रेबीजची चावण्यापूर्वीची लस पूर्ण करून घ्या. ती घेतल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय मी कोणालाही पोत्याजवळ उभं राहू देत नाही.